चिमाई लोहारीण आणि तेल लावलेल्या बंदुका

आमच्या डोंगराला भोक पडायच्या आधीची ही गोष्ट आहे. आडदऱ्यात तेव्हा चिमाई नावाची लोहारीण राहायची. नवरा गेल्यापासून घण तीच उचलायची. तिचा एक घाव ऐरणीवर बसला की पलीकडच्या वाडीतली भांडी फळीवर वाजायची, असं म्हणतात.

चिमाईचा कुणावरच विश्वास नव्हता. विहिरीचं पाणी पिण्याआधीसुद्धा ती आत डोकावून बघायची. गावाचाही तिच्यावर नव्हता. फाळ ठोकायला दिला की माणूस तिथंच उकिडवा बसून राहायचा, न जाणो, चांगलं लोखंड बदललं तर! असे दोघंही एकमेकांना धरून होते.

तेव्हा एक मोठी लढाई नुकतीच संपली होती. दरबारात बंदुका उदंड झाल्या. त्या भलत्या हातात पडतील या धास्तीनं हुकूम निघाला, की जास्तीच्या बंदुका मोडा, ठोका आणि फाळ करून गावांना वाटा. गाड्या भरभरून आडदऱ्यात येऊ लागल्या. बरोबर दरबारचा जमादार आला.

“दरबार आणि फुकट फाळ?” पाटील म्हणाले. “चिमे, यात काहीतरी आहे बघ.”

“असणारच. तुम्ही जरा लांब उभे राहा.”

चिमाईची एक रीत होती. बंदूक कितीही मोडकी असो, भट्टीत घालताना तिचं तोंड डोंगराकडेच करायचं. लोक हसायचे. “गंजलीय गं ती, काय करणारे तुला?” चिमाई म्हणायची, “गंजलेली माणसं काय कमी करतात?” मग नळी लाल व्हायची, ऐरणीवर यायची आणि घणाखाली भाकरीसारखी चपटी व्हायची.

शेवटची गाडी मात्र झाकलेली आली.

“या भट्टीत घालू नकोस,” जमादार म्हणाला. “कोळशाच्या खड्ड्यात ठेव. यांची पाळी मागाहून.”

चिमाईनं झाकण उचललं, एका बंदुकीवरून बोट फिरवलं आणि ती बंदूक तशीच उचलून चावडीपुढं नेली. सगळा गाव जमला. जमादार मागोमाग आलाच.

“पाटील, हिला तेल लावलंय.”

“लावलं असेल. मेलेल्या माणसालाही आंघोळ घालतातच की.”

“आंघोळ घालतात. तेलहळद नवरीला लावतात. आणि नवरी मरायला जात नाही, नांदायला जाते. या कुणाच्या घरी नांदायला निघाल्यात, ते जमादारांना विचारा.”

गावाचे डोळे घाटाकडे वळले. घाटात रुंजा पुंड बसलेला होता. मागल्या सुगीला त्यानं शेजारच्या गावाची खळी पेटवली होती, ती भाल्या-कोयत्यांच्या जोरावर. आता त्याच्या हातात या बंदुका आल्या असत्या तर पुढची खळी कुणाची, हे सांगायची गरज नव्हती.

जमादारानं मिशीला पीळ दिला. “बंदुका हिनंच लपवायला मागितल्या. ही चोर आहे. दरबारात नेऊन हिचे दोन्ही हात तोडवतो.”

गावानं चिमाईकडे बघितलं. काहींना तेही पटलं, असं म्हणतात. आपलाच गाव, खोटं कशाला सांगा.

चिमाई वाद घालत बसली नाही. हात जायचेच असतील, तर त्याआधी त्यांचं काम होऊ दे, असं म्हणून तिनं सगळी गाडी भट्टीत रिकामी केली. तोंडं अर्थातच डोंगराकडे. भाता ओढला. तेलानं पेट घेतला आणि ज्वाळा देवळाच्या कळसाला शिवली. आणि एक बंदूक कडाडली. गोळी सरळ डोंगरातून आरपार गेली आणि पलीकडचं आभाळ दिसू लागलं. असं म्हणतात, भोक तर आहेच.

धूर विरल्यावर पाटील हळूच म्हणाले, “मोडीतली बंदूक भरून कोण पाठवतं?”

उत्तर द्यायला जमादार जागेवर नव्हता. त्याचा फेटा तेवढा बाभळीवर लटकत होता.

त्या दिवशी चिमाईनं असे घाव घातले की घाटातले दगड सुटून खाली आले, आणि रुंजा पुंडानं मुलूखच सोडला. त्या बंदुकांचे फाळ झाले. गावानं ते घेतले, पण वर्षभर चालत्या नांगरासमोर कुणी उभं राहिलं नाही.

चिमाई मेली असं आडदऱ्यात कुणी म्हणत नाही. ती त्या भोकातून पलीकडे गेली, तिकडं काय चाललंय ते बघायला, असं म्हणतात.

आजही आडदऱ्यात मोडीच्या लोखंडाला तेलाचा हात लावत नाहीत. भंगारवाल्याच्या गाडीवरसुद्धा बायका आधी बोट फिरवून बघतात. आणि जी बंदूक कडाडली, तिची नळी चिमाईनं ऐरणीपाशी ठेवली होती, ती अजून तिथंच आहे, डोंगराकडे तोंड करून. नवी सून माप ओलांडायच्या आधी तिथं जाते आणि त्या नळीवर घणाचा एक घाव घालते. इतक्या सुनांचे घाव खाऊन ती आता पापडासारखी झाली आहे. घाव झाला की सासू सुनेच्या हाताला बोट लावून हळदीचं तेल बघते आणि विचारते, “कुठं निघालीस गं?”

सुनेनं म्हणायचं, “नांदायला.”

मीही म्हटलं. सासूबाईंनी मला जरा निरखून पाहिलं. मीही त्यांना पाहून घेतलं.