पठारेकाकांची जीप

दुर्गम पाड्यांवर येशूची सुवार्ता सांगायला निघालेल्या रूथने रविवारच्या उपासनेनंतर मंडळीकडे मदत मागितली. जीपवाले आमोसकाका पठारे भारदस्त आवाजात म्हणाले, “पोरी, मी प्रार्थना करीन. गाडीबिडी मागू नकोस.”

“मग काका, जीप आम्हाला द्या,” रूथ म्हणाली, “आणि तुम्ही रविवारी चर्चला पोचावं म्हणून आम्ही प्रार्थना करू!”

सारी मंडळी खो खो हसली. काकांनी मान खाली घालून जीप कबूल केली.

निघायच्या सकाळी रूथ जीप न्यायला गेली, तेव्हा काकू हळूच म्हणाल्या, “हे रोज पहाटे तुझं नाव घेऊन गुडघे टेकायचे. त्या रविवारपासून टेकले नाहीत.”

रूथचा चेहरा उतरला. उंबऱ्याशी जाऊन तिने हाक मारली, “काका, चुकलं माझं.”

आतून एवढंच ऐकू आलं, “डिझेल भरलंय.”