पायरीवरचा डबा

“पण भंतेजी, अर्धंच सांगितलं तर ते खोटं होतं का?”

वृद्ध भंतेजी वर्षावासासाठी, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने एकाच ठिकाणी राहायला, या विहारात नव्यानेच आले होते. गावातली घरं पाळीपाळीनं त्यांना भोजनदान देत. आज मेश्रामांची पाळी होती. त्यांची मुलगी उत्पला चटई अंथरायला पुढे आली होती, आणि अंथरता अंथरताच तिनं हे विचारलं होतं.

भंतेजी आपलं भिक्षापात्र पुसत होते.

“कोणाला सांगितलंस अर्धं?”

“जर्मनीतल्या विद्यापीठाच्या लोकांना. मोबाइलवरच्या व्हिडिओ मुलाखतीत.”

मेश्रामांच्या घरात कॉलेज पाहिलेली ती पहिली. आता सांडपाणी शुद्ध करायचं शास्त्र शिकायला परदेशी निघाली होती. पुढच्या आठवड्यात विमान होतं.

“त्यांनी विचारलं, वडील काय करतात. मी म्हटलं, नगरपरिषदेत आहेत. ते म्हणाले, अच्छा, ऑफिसर. मी... हसले.”

“मग?”

“मग काही नाही. त्यांनी विचारलं, हाच विषय का घेतलास? मी म्हटलं, वाचनातून आवड लागली. यात खोटं एक अक्षर नाही, भंतेजी.”

“नाही ना? मग मला कशाला विचारतेस?”

उत्पला चटईचा दुमडलेला कोपरा सरळ करत राहिली. तो केव्हाच सरळ झाला होता.

“त्या वेळी आमच्याकडे लाईट गेली होती,” ती हळूच म्हणाली. “बाबा समोर टॉर्च धरून उभे होते. माझा चेहरा नीट दिसावा म्हणून. त्यांना इंग्रजी येत नाही. पण ऑफिसर हा शब्द... तो कळतो त्यांना. टॉर्च जराशी हलली.”

“काही बोलले?”

“चांगली झाली का, एवढंच.”

“आणि नगरपरिषदेत ते काय करतात?”

“नगरपरिषदेतच आहेत,” उत्पला म्हणाली.

भंतेजींनी पुन्हा विचारलं नाही. त्यांनी दारातून पावसाच्या उघडिपीतल्या उन्हाकडे पाहिलं.

“बारा वाजत आले. बारानंतर मी जेवत नाही, ठाऊक आहे ना? आणि कोणी हातानं दिल्याशिवाय घेत नाही.”

“येतोच आहे डबा. आई पहाटेपासून चुलीपाशी आहे.”

तेवढ्यात बाबा आले. पहाटेपासून बाजारातली गटारं उपसून, घरी जाऊन, दोनदा साबण लावून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. केसांना तेल होतं. चपला त्यांनी पार फाटकापाशी काढल्या आणि तापलेल्या फरशीवरून अनवाणी चालत पायरीशी येऊन थांबले.

“वंदामि भंते.”

“या, उपासक. आत या. आपण कोण?”

बाबांनी आधी लेकीकडे पाहिलं. तिनं इथं काय सांगून ठेवलंय, हे त्यांना माहीत नव्हतं. जे सांगितलं असेल ते आपल्यामुळं मोडू नये, एवढंच त्यांच्या डोळ्यांत होतं. तिला ते लख्ख दिसलं.

“मी डबा घेऊन आलो जी,” बाबा म्हणाले. “मेश्रामांकडून.”

यातही खोटं एक अक्षर नव्हतं.

उत्पलाच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

“मग बसा. तुम्हीच वाढा.” भंतेजींनी पात्र पुढे केलं.

“नाही जी, माझे हात...” बाबांनी डबा तिच्यासमोर धरला. “तुमीच वाढा, ताई.”

ताई.

आजवर ते तिला पोरी म्हणाले होते, उत्पले म्हणाले होते, चिडले की मास्तरीणबाईही म्हणाले होते.

डबा दोघांच्या मधे राहिला. बाबांच्या बोटांच्या टोकांवर ब्लिचिंग पावडरचे पांढरे चट्टे होते. डबा हातात घ्यावा, तर ते परकं ताईसुद्धा स्वीकारल्यासारखं होतं. घेऊ नये, तर बोलावं लागत होतं.

“उत्पला,” भंतेजींनी विचारलं, “हे कोण?”

तिनं डब्याच्या कडीला हात लावला आणि मागे घेतला.

नगरपरिषदेचा बाराचा भोंगा झाला. तो बराच वेळ वाजत राहिला.

भंतेजींनी पात्रावर झाकण ठेवलं.

बाबा गडबडून गेले. “भंतेजी, तुमी उपाशी राहिले. चूक माझी हाये. उशीर मीच केला. या... या ताईंची काही चूक नाही.”

“बाबा, पुरे.”

हे ती इतक्या हळू म्हणाली की तिलाच नीट ऐकू आलं नाही. म्हणून ती पुन्हा म्हणाली, “बाबा.”

मग भंतेजींकडे वळली. वर मात्र पाहू शकली नाही.

“हे माझे बाबा आहेत. गावची गटारं साफ करतात. हा विषय मला कुठल्या पुस्तकानं नाही दिला. हे जेवताना सांगायचे, कुठलं पाणी कुठं तुंबलं ते... मी तुम्हाला उपाशी ठेवलं, भंतेजी.”

भंतेजी उठले. आपल्यासाठी अंथरलेली चटई त्यांनी ओढत पायरीपर्यंत नेली आणि बाबांच्या पायांशी सोडली.

“माझी जेवायची वेळ गेली, बाळ. यांची अजून आहे.”