ओली नोंद

“मग एका फोन नंबरासाठी अख्खा माणूस फेकून द्यायचा का, बुवा?”

गुंडाबुवा पावटे सोलत होते. त्यांनी एक शेंग उघडली, आत डोकावून पाहिलं आणि दाणा तोंडात टाकला.

“कोणता माणूस?”

“नोंदीतला.”

“हां… मला वाटलं, खरा.”

विचारणारा उन्मेष सबनीस. गुंडाबुवांचा सगळ्यात हुशार शिष्य. बुवांचंही तेच मत होतं, पण उन्मेषचं जरा जास्त ठाम होतं.

हा मठ भोरच्या मागच्या डोंगरात आहे. रस्ता विचारू नका, सांगणाऱ्यांनाही तो सापडलेला नाही. इतर मठांत देव सांभाळतात, इथे संगणकाची एक भाषा सांभाळतात. तिचं नाव कातळ.

कातळमध्ये नोंद एकदा केली की केली. नाव, गाव, फोन नंबर लिहिलं की झालं भट्टीतून भाजून निघालेलं मडकं. त्याला कान हवा असेल, तर नवं मडकं घडवा. माणसाचा नंबर बदलला तर जुनी नोंद टाका, नवी करा. कटकट आहे खरी. पण आपल्या पाठीमागे कुणी काही खोडलं असेल, ही धास्ती नाही.

उन्मेषने वर्षभर मान मोडून वेगळी नोंद घडवली. तिच्यातला हवा तो रकाना पुसा, नवं लिहा, नोंद तीच. नाव ठेवलं ओली नोंद. ती चालत होती, झकास चालत होती. सांगलीपासून गोंदियापर्यंत लोक मठाच्या दारातून ती उचलून नेत आणि वापरत.

पण उन्मेषला ती दारात नको होती. भांडारात हवी होती.

भांडार म्हणजे भाषेबरोबर आपसूक मिळणारी अवजारं. कातळ जिथे जाईल तिथे भांडार जातं. दवाखान्यात जातं, धरणावर जातं, दूध डेअरीत जातं. त्यामुळे भांडाराचा नियम कडक. आत गेलेलं बाहेर येत नाही, आणि आत गेलेलं बदलत नाही. चुकलं असलं तरी.

नावातली अक्षरं मोजणारं एक अवजार आहे भांडारात. रचताना रचणाऱ्याला नेमकी शिंक आली, तेव्हापासून ते एक अक्षर जास्त मोजतं. लोक मुकाट्याने एक वजा करतात. मध्यंतरी कुणी तरी भक्तिभावाने ते दुरुस्त केलं. दुसऱ्या दिवशी अर्ध्या महाराष्ट्राची आडनावं शेपटीतून तुटली. जोशींचे जो झाले, मान्यांचे मा. संध्याकाळी चूक पुन्हा जागेवर बसवली, तेव्हा कुठे अडलेली लग्नं लागली.

भांडाराची किल्ली अनसूयाताईंकडे. त्या बुवांच्या शेजारी बसून टरफलं गोळा करत होत्या.

“ओलं काही मी भांडारात ठेवत नाही,” ताई म्हणाल्या. “बुरशी धरते.”

“ताई, हा विनोद तुम्ही चैत्रापासून करताय.”

“मग? भांडारातला आहे. बदलायचा नाही.”

उन्मेषला हसू आलं नाही. त्याची बॅग भरून ओट्यावर ठेवलेली होती. पुण्याच्या काही मंडळींचा निरोप आला होता. मठ ऐकत नसेल तर खाली ये, आपण कातळची वेगळी चूल मांडू. वेगळी चूल म्हणजे एका भाषेच्या दोन भाषा, आणि एकीचं दुसरीला कळेनासं. मठातली निम्मी तरुण पोरं उन्मेषच्या मागे जातील, हे बुवांना माहीत होतं. ताईंनाही माहीत होतं. म्हणून तर त्या इतके विनोद करत होत्या.

“दुपारच्या एस.टी.ने निघतोय मी,” उन्मेष म्हणाला. “हो की नाही, ते आत्ता सांगा.”

बुवांनी पावट्यांची परात जराशी पुढे सरकवली.

“पुरी झाली का ती?”

“झाली.”

“मग असू दे.”

…

ताईंच्या ओंजळीतली टरफलं खाली पडली.

“बुवा?”

“असू दे म्हटलं ना.”

बुवांचं ‘असू दे’ म्हणजे मठातला शेवटचा शब्द. त्यावर अपील नाही.

उन्मेषने सगळी उत्तरं पाठ करून ठेवली होती. प्रश्नच आला नाही. दार लाथेने उघडायला जावं आणि ते नुसतं लोटलेलं असावं, तशी त्याची गत झाली.

“तुम्ही काहीच विचारणार नाही?”

“तू झाली म्हणालास की.”

“पण… तपासून तरी बघाल.”

“तू तपासलीस ना? मग मी काय वेगळं बघणार. डोळ्यांत मोतीबिंदू आहे माझ्या.”

मठाची रीत अशी. रचणाऱ्याने आपलं काम स्वतः भांडारात चढवायचं, आणि मग अंगणात जाऊन घंटा ओढायची. घंटा वाजेपर्यंत चढवलेलं उतरवता येतं, वाजली की रचणाऱ्याचा हात सुटला. पुढे किल्ली ताईंची, आणि तक्रारीही ताईंच्या.

उन्मेषने काम चढवलं. ताईंनी कपाळाला आठ्या घालून वाट करून दिली. उरली घंटा.

तो अंगणात गेला. दोर हातात धरला.

…

“ओढ की,” ताई म्हणाल्या. “तुला आता गाडी पकडायची नाही ना? मग घाई कसली आलीय.”

“हात घामेजलाय.”

“धोतराला पूस.”

“मी पँट घातलीय, ताई.”

“मग पँटला पूस. नियम तोच.”

उन्मेषने हात पुसला. पुन्हा दोर धरला. मग ओट्याकडे न बघताच म्हणाला, “बुवा, परवाच्या त्या गाद्या…”

परवा काय झालं होतं, ते सांगायला हवं. मठात पाहुणे यायचे होते. उन्मेषने त्यांची एक ओली नोंद केली आणि कौतुकाने दोघांना दिली. स्वयंपाकघरात सगुणामावशींना आणि पाहुणेघरात धोंडूदादांना. पन्नास माणसांना डाळ किती लागते, ते नुसतं बघावं म्हणून मावशींनी आपल्या नोंदीत पाहुणे पन्नास केले. पण नोंद ‘आपली’ नव्हतीच. दोघांच्या हातात एकच होती. धोंडूदादांनी एक शब्द न बोलता पन्नास गाद्या घातल्या. पाहुणे आले तिघे. त्यांनी रात्रभर कूस बदलायच्या ऐवजी गाद्या बदलल्या, आणि जाताना म्हणाले, असा पाहुणचार सासुरवाडीलाही झाला नव्हता.

“ती चूक नाहीये,” उन्मेष दोराशी बोलल्यासारखा बोलला. “दोघांना दिली तरी नोंद एकच राहणार. तो तिचा स्वभाव आहे.”

“असू दे,” बुवा म्हणाले.

“पण काही लोक म्हणतात, दुसऱ्याला देताना नक्कल द्यावी. म्हणजे ज्याचं त्याने खोडावं.”

“तेही असू दे.”

“दोन्ही कसं असू दे? काही तरी एक ठरवावं लागेल.”

“ठरव.”

…

“गोंदियाच्या एक बाई आहेत, त्यांना नक्कल हवीय. सांगलीवाल्यांना अजिबात नको. दोघांचंही बरोबर आहे. मी कधी असं करून बघतो, कधी तसं.”

“आणि लोक काय म्हणतात?” बुवांनी विचारलं.

“शिव्या घालतात. नवीन आली की पुन्हा घेऊन जातात.”

“घंटेनंतर त्यांना उत्तर कोण देणार?”

“मी,” ताई म्हणाल्या.

“काय द्याल?” उन्मेषने विचारलं.

“‘ते तसंच आहे.’”

“एवढंच?”

“शेवटी नमस्कार घालते.”

उन्मेष दोराकडे बघत राहिला. दोरावर एक मुंगळा चढत होता, तो त्याच्या बोटांपाशी आला, थांबला आणि वळसा घालून पुढे गेला.

“म्हणजे तिच्यातला हरेक रकाना बदलता येईल,” उन्मेष सावकाश म्हणाला. “फक्त ती… कशी असावी, ते कधीच बदलता येणार नाही.”

“वर्ष लागलं,” ताई बुवांच्या कानाशी म्हणाल्या. बुवांना एरवी कमी ऐकू येतं, हे त्यांनी नीट ऐकलं आणि ताईंना कोपर मारलं.

उन्मेष एकदम वळला.

“तुम्हाला हे ठाऊक होतं. म्हणून लगेच हो म्हणालात. मला इथे दोर धरून उभं करायला.”

“नाही रे लेका.”

“मग?”

“ती चांगली आहे, म्हणून हो म्हणालो. तू घंटा ओढ, पहिली मी वापरतो. माझा नंबर दर पावसाळ्यात बदलतो.”

“कसा?”

“फोन पन्हळीखाली राहतो.”

उन्मेषने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टा आहे का, ते कळेना. बुवांच्या बाबतीत ते त्यांनाही नेहमी कळतं असं नाही.

“खरंच ओढू?”

“ओढ.”

“चुकलं तर?”

“तर चुकेल.”

“आणि ते तसंच राहील.”

“राहील.”

“शंभर वर्षं.”

“भाषा टिकली तर. नाही तर कमी.”

…

मग बुवा उठले. गुडघ्यांवर हात ठेवून, भिंतीचा आधार घेत, पायऱ्या उतरून अंगणात आले. उन्मेषच्या समोर उभे राहिले आणि त्याच्या मुठीच्या खाली त्याच दोराला आपली मूठ घातली.

“आता ओढ.”

“पण तुम्ही पण धरलाय.”

“हो.”

“म्हणजे ओढणार कोण, मी की तुम्ही?”

“ज्याने ओढली, त्याने.”

“आणि वाजली तर…”

“दोघांची वाजेल.”

दोघे तसेच उभे राहिले. समोरासमोर, एकाच दोराला लोंबकळल्यासारखे. बुवांचा हात वयामुळे थरथरत होता, आणि ती थरथर दोरातून उन्मेषच्या मुठीत येत होती. उन्मेषने मूठ घट्ट केली, घंटा हलू नये म्हणून. मग त्याच्या लक्षात आलं की बुवांनीही तेवढ्यासाठीच घट्ट धरलाय.

खाली वळणावर एस.टी.चा हॉर्न वाजला. ड्रायव्हर भला माणूस होता. त्याने पुन्हा वाजवला. मग गाडी गेली.

 उन्मेषने आधी करंगळी सोडली. मग एकेक बोट. मांजर झोपलेलं असताना मांडीवरून उतरवतात, तसा त्याने दोर सोडला.

“आता तुम्ही,” ताई ओट्यावरून म्हणाल्या. “हळू. नाही तर एवढं सगळं करून वाजवाल.”

बुवांनी सोडला. घंटा जरा झुलली… आणि थांबली.

“बाहेरच राहू दे तिला,” उन्मेष म्हणाला. “लोक दारातून नेतात, तशीच नेऊ देत. मला अजून तिच्यात हात घालायचाय.”

“असू दे,” बुवा म्हणाले.

ताई आत गेल्या. उन्मेषने चढवलेलं काम त्यांनी भांडारातून उतरवलं, कुठे धक्का न लावता, आणि त्याच्या हवाली केलं. उतरवताना त्यांनी ते सगळं वाचलं असावं, कारण यायला त्यांना फार वेळ लागला, आणि आल्या तेव्हा काही टोमणा मारला नाही.

बुवा ओट्यावर जाऊन पुन्हा पावटे घेऊन बसले. उन्मेष पायरीवर बसला. थोड्या वेळाने त्याने परातीतली एक शेंग उचलली, सोलली. दुसरी उचलली.

“बुवा.”

“हं.”

“तिचं झालं. पण माझं काय? पुण्याची मंडळी चूल मांडून बसलीत. संध्याकाळी दुसरी गाडी आहे.” त्याने दाणे परातीत टाकले. “मी जाऊ की राहू? एकदा काय ते सांगून टाका, म्हणजे कायमचं मिटेल.”

…

“उद्या सकाळी ठरव,” बुवा म्हणाले. “आणि परवा सकाळी पुन्हा.”