राजकन्येवर चाललेला कोयता

एका राज्यात दोन राजकन्या होत्या. थोरली रत्नप्रभा रूपाने देखणी, जिभेने तिखट. धाकट्या केतकीला प्रश्न विचारायची खोड. राजा वज्रसेन म्हणे, थोरलीला गप्प करता येत नाही आणि धाकटीला उत्तर पुरत नाही.

एकदा डोंगरापलीकडचा मांत्रिक दरबारी आला. त्याने नजराणा म्हणून आपल्या बागेतल्या गुच्छराणीचे फूल आणले. ओंजळीत न मावणारा पांढरा चेंडूच तो. आजचे बागवाले त्या झाडाला हायड्रेंजियाची एक जात म्हणतात. रत्नप्रभेने फूल हुंगले आणि म्हणाली, "वास नाही, रंग नाही. नुसता पसारा."

मांत्रिकाला ते झोंबले. "तर मग तूच ते झाड हो. फुललीस तर सुटशील. पण तुझ्यावर जीव टाकणारेच तुझं फुलणं अडवतील." एवढे बोलून तो धूर होऊन निघून गेला, आणि राजकन्येच्या जागी पिंपळपानांसारख्या पानांचे एक झुडूप उभे राहिले.

राजाने ते बागेत लावले. वर सोन्याचे छत, बुडाशी जरीचे गालिचे. राजरक्ताला लोखंड लावू नये असा तिथला कायदा, म्हणून कुणी काडी छाटली नाही. वर्षे गेली. झाडाचे काटकुळे झाले, फूल एकही आले नाही. शेवटी एकच फांदी हिरवी उरली. राजवैद्य म्हणाले, "ही सुकली की राजकन्या कायमची लाकूड."

केतकी उठली आणि मांत्रिकाच्या शोधात निघाली. वाटेत नदी आडवी आली. केतकीने तिला विचारले, "बाई, तू दमत नाहीस?" नदीची अशी विचारपूस आजवर कुणी केली नव्हती. ती बाजूला सरकली.

थंडी सरत आली होती. मांत्रिकाची बाग उघडीबोडकी पडली होती. कुंपणावर लाल डोळ्यांचा भारद्वाज पक्षी बसला होता.

"मांत्रिक कुठे आहेत?"

"वारले."

"आणि गुच्छराणी?"

"तुझ्या पायाशी."

केतकीने खाली पाहिले. वीतभर उंचीचे खुंट होते. "ही कुणी कापली?"

"पूर्वी तो कापायचा, आता मी चोचीने तोडतो. दर वर्षी, पालवी फुटायच्या आधी. हिच्या जुन्या लाकडाला फूल येत नाही. येतं ते नव्या धुमाऱ्याला."

केतकी त्याला खांद्यावर घेऊन परतली. भारद्वाजाने राजाला तीन कामे सांगितली. पहिले, छत काढा. हिला सकाळचे कोवळे ऊन हवे आणि दुपारची सावली. छत उतरले, पश्चिमेला बांबूची तट्टी आली. सोन्याच्या जागी बांबू प्रधानजींना बघवेना, पण करतात काय! दुसरे, गालिचे उचला, शेणखत घाला, वर पालापाचोळा पसरा. ओल हवी, चिखल नको. तेही झाले.

"तिसरं," भारद्वाज म्हणाला, "सगळं झाड वीतभर ठेवून कापा."

"राजरक्ताला लोखंड लावत नाहीत," राजा म्हणाला.

"न्हावी तुमची नखं कशाने काढतो, आबासाहेब?" केतकीने विचारले.

"नराणीने."

"ती लोखंडाची नसते?"

राजा बाजूला झाला. केतकीने कोयता घेतला. वाळक्या फांद्या कडाकड पडल्या. मग ती हिरवी आली.

"ही राहू दे," राजा म्हणाला. "माझी लेक एवढीच उरली आहे."

केतकीचा हात थांबला. तिने भारद्वाजाला विचारले, "ही ठेवली तर?"

"ती कशीबशी जगेल. पण जीव लावून राखलेली फांदी या शापात फुलणार नाही."

"आणि कापल्यावर मुळंच मेलेली निघाली तर?"

"ते मला ठाऊक नाही."

केतकीला भीती वाटली, रडूही आले. आजवर तिच्या प्रश्नांनी कुणाचा जीव धोक्यात आला नव्हता. "आबासाहेब," ती म्हणाली, "ताई नुसती जगायला हवी आहे, की परत यायला?"

राजाने तोंड फिरवले. केतकीने डोळे पुसले आणि कोयता चालवला.

त्या दिवसापासून राजा तिच्याशी बोलेना. दासी कुजबुजत, सख्ख्या बहिणीवर हात उचलला म्हणे. केतकी रोज पाणी घाली, पाचोळा सारून पाही आणि परत झाकी. एके सकाळी पाचोळ्यातून हिरवी टोके वर आली. पाहता पाहता कमरेएवढे झाड झाले. हिरवट गुच्छ धरले आणि हळूहळू पांढरे होऊ लागले.

एक दिवस पावसाची सर येऊन गेली. सर्वांत मोठा गुच्छ पुरता उमलला, भिजून जड झाला आणि चिखलाकडे वाकला. राजाला ते पाहवेना. तो गुडघे टेकून बसला आणि त्याने फूल तळहातावर उचलून धरले. पाहतो तो, तळहातावर लेकीची हनुवटी.

रत्नप्रभा झाडातून बाहेर आली. झाड मागे तसेच फुललेले राहिले. तिची गुडघ्यापर्यंतची वेणी मात्र नव्हती. डोक्यावर बोटभर केस होते. राजाने त्यावरून हात फिरवला आणि त्याला हुंदका आवरेना.

"तुझे केस, पोरी."

"येतील, आबासाहेब," ती म्हणाली. "मुळं शाबूत आहेत." मग तिने केतकीला जवळ ओढले.

पुढची थंडी सरली तेव्हा राजाने जुना कायदा मोडीत काढला आणि स्वतः कोयता घेऊन बागेत उतरला. झाडापुढे वाकून त्याने केतकीला विचारले, "कुठून कापू, बाळ?"

केतकी शेजारी बसली आणि तिने बोटाने जागा दाखवली.