पोस्टकार्डाचा पंख

कागदांनाही तोंडं होती, त्या काळातली गोष्ट. एका पत्र्याच्या डब्यात जपून ठेवलेले कागदाचे तुकडे आणि एक म्हातारी कात्री राहायची. एकदा सगळ्यांनी मिळून कोंबडी आणि तिच्या पिल्लाचं चित्र चिकटवायला घेतलं. पतंगाच्या कागदाचा तुरा झाला, कॅलेंडरचं अंग झालं, लग्नपत्रिकेच्या सोनेरी कोपऱ्याचं पिल्लू झालं. कोंबडीचा पंख तेवढा राहिला.

पोस्टकार्डाचा एक तुकडा हळूच म्हणाला, "मी होऊ?"

"हा नको!" पिल्लू किंचाळलं. "कुणीतरी गेल्याच्या पत्राचा आहे हा. असलं पत्र वाचलं की फाडून टाकतात. अपशकुनी मेला!"

तुकडा मुकाट्याने डब्याकडे वळला. कात्रीचं डोकंच फिरलं.

"थांब रे तू! आणि ए सोनेरी, त्याने निरोप आणला, जीव नाही घेतला कुणाचा. त्याच्यामुळे चार माणसं रडत्या घरी धावून गेली. तू गेलं असतंस, जेवणावळ सोडून?"

कात्रीने तुकडा मायेने गोल कापला, खळ लावली आणि नेमका पिल्लाच्या अंगावरच बसवला.

पिल्लू थोडा वेळ फुगून बसलं. मग पंखाखालून बारीक आवाज आला, "मामा, अजून जरा वाका ना. माझी शेपटी बाहेर राहतेय."