आज्ञाधारक बुडबुडा

एका चातुर्मासात मी नेम धरला होता, की जे आपल्याच्यानं होणार नाही त्याला तोंडावर "हो" म्हणायचं नाही. उपास सोपे हो त्यापुढं! तेव्हा ही कहाणी सुचली.

मोटारसायकलींचे भाग बोलत होते, त्या काळची गोष्ट. एका गाडीच्या क्लचच्या नळीत तेलाबरोबर हवेचा बुडबुडा शिरला. वर मुठीजवळचा लिव्हर हुकूम सोडायचा, "ढकला!" तेल तो दाब जसाच्या तसा खाली क्लचला द्यायला निघायचं. पण बुडबुडा मध्येच अंग चोरून वाकायचा, "आज्ञा साहेब! झालंच समजा!" त्याच्या वाकण्यातच सगळा दाब जिरायचा.

"किती नम्र!" लिव्हर खूश. "नाहीतर हे तेल, जरा म्हणून दबत नाही. उर्मट मेलं!"

इकडे गियर अडकू लागले. गाडीच्या मालकीण शशिकलाताई वैतागून मेकॅनिकला म्हणाल्या, "क्लच गेलाय. भंगारात टाका."

"अहो, माझ्यापर्यंत हुकूमच आला नाही!" क्लच रडकुंडीला आला.

"थांबा ताई, आधी हवा काढून बघू," मेकॅनिक म्हणाला. त्यानं लिव्हर दाबून धरला आणि नळीच्या खालच्या टोकाचा स्क्रू सैल केला. "आज्ञा साहेब!" म्हणत बुडबुडा तेलाच्या थेंबांबरोबर बाहेर पडला नि विरला. लगेच स्क्रू आवळला.

आता लिव्हर हाताला कडक लागू लागला. "हल्ली कुणी वाकतच नाही," तो कुरकुरला. पण गियर अलगद पडला आणि क्लच आपल्या जागी राहिला.

बायांनो, तुम्हीही हा नेम धरा. आणि कुणी तुम्हाला सरळ "नाही" म्हटलं, तर रागावू नका हो.