अडसराची स्प्रिंग

कोंबड्यांना दात होते, त्या काळची गोष्ट. खुराड्याच्या दाराचा अडसर स्प्रिंग शोधत होता. त्याला मागे सरकवलं की तिनं दबायचं, सोडलं की पुढे ढकलायचं, एवढंच काम. बाहेर मुंगूस टपून बसलं होतं.

जाडजूड स्प्रिंग बसवली, तर ती गुरगुरली, "मी कुणापुढे दबत नाही!" अडसर हलेना, दार उघडेना. आत भुकेल्या कोंबड्यांनी कलकलाट मांडला.

मग नाजूक स्प्रिंग आली. "तुम्ही म्हणाल तशी दबेन हो, अडसरराव!" ती दबली ती दबलीच. अडसर मागेच राहिला, दार लागेना. मुंगूस मिशांवर ताव देत उठलं.

"अगं, तू तरी ये!" अडसर तिसरीला ओरडला. ती त्याच्यामागे दबून शिरली आणि उसळली. खट्ट! लागलेल्या दारावर मुंगसाचं नाक आपटलं.

"दबलीस की गं शेवटी!" जाडीनं हिणवलं.

"दबले," तिसरी म्हणाली, "पण दबून राहिले नाही."